मावशींचा चहा आणि चाळीस दिवस



दर खेपेला मी तुम्हाला 'मंडळी' म्हणतो आणि पुढच्या गोष्टीकडे वळतो. आज मात्र या शब्दापाशीच जरा थांबायचे आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांच्या बोलीत 'मंडळी' म्हणजे नुसते जमलेले लोक नव्हेत. एका चर्चला धरून असलेली, एकमेकांच्या लग्नाला आणि मयताला उभी राहणारी जेवढी म्हणून घरे, त्या सगळ्यांना मिळून ते 'मंडळी' म्हणतात. "तुमची मंडळी कुठली?" असे एका ख्रिस्ती माणसाने दुसऱ्याला विचारले, तर तो बायकोच्या माहेराची चौकशी करीत नसतो. तुम्ही कुठल्या चर्चचे, एवढेच त्याला हवे असते. मला हे पुण्यात आल्यावर कळले, आणि तेही फजिती होऊन कळले. ते असो.

आमच्या शेजारी एक मावशी राहतात. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथल्या. उभा जन्म दवाखान्यात नर्स म्हणून काढला, मालक वारले, मुलगा हडपसरकडे कारखान्यात आहे. गावाकडे अजून थोडी जमीन आहे आणि दिराच्या सामाईकीत एक विहीर आहे. या विहिरीकडे पुढे यायचेच आहे. मावशींचा आणि आमचा चहा सामाईक. सकाळी सहाला त्यांच्याकडे आधण आले की भिंतीवर टकटक होते आणि मी कप घेऊन जातो. त्या सकाळी टकटक झाली नाही. काळजी वाटून मी डोकावलो, तर मावशी खुर्चीत बसून गरम पाणी पीत होत्या.

"काय हो मावशी, दूध नासलं की काय?"

"नाही भाऊ. आजपासून लेंत लागलं. ईस्टरपर्यंत चहा बंद. तुम्हाला करून देते की, बसा."

मी काही बसलो नाही. समोरच्या बाईने गरम पाणी प्यायचे आणि मी तिच्या हातचा चहा ओढायचा, हे बरे दिसत नाही. पण चौकशी मात्र केली, आणि पुढचे चाळीस दिवस कधी मावशींच्या घरात तर कधी चर्चच्या मागच्या बाकावर बसून जे पाहिले, ते आज तुम्हाला सांगतो. तुमच्यापैकी पुष्कळांच्या गावात ख्रिस्ती घरे आहेत. नाताळचे तारे तुम्हाला ठाऊक असतात, त्यांच्याकडची फराळाची ताटेही तुमच्याकडे येतात. पण नाताळाहून त्यांना जो काळ मोठा वाटतो, तो गाजावाजा न करता जातो, म्हणून शेजाऱ्यालाही त्याचा पत्ता लागत नाही.

येशू ख्रिस्ताने आपल्या कामाला लागण्याआधी रानात चाळीस दिवस उपवास केला, असे त्यांच्या शास्त्रात आहे. त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस पाळतात. त्याला कोणी लेंत म्हणतात, कोणी उपवासकाळ, आणि कॅथलिक लोक प्रायश्चित्तकाळ म्हणतात. दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजाल तर दिवस शेहेचाळीस भरतील. त्यात मेख अशी की मधले सहा रविवार धरायचे नाहीत. रविवार हा ख्रिस्त उठल्याचा दिवस, त्या दिवशी उपवास नाही.

आता तिथीचे सांगतो, कारण ते तुम्हाला शहरातल्या लोकांपेक्षा लवकर कळेल. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, पण ईस्टर चंद्रावर चालतो. इसवी सन ३२५ मध्ये निकीया गावी ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची मोठी परिषद भरली होती. सगळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असे तिथे ठरले. त्यातून जी रीत रूढ झाली ती अशी. २१ मार्च धरून पुढे जी पौर्णिमा येईल, तिच्यानंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कुठेही पडतो. २०२६ सालचे पंचांग उघडून पाहा. चैत्री पौर्णिमा, म्हणजे आपली हनुमान जयंती, २ एप्रिलला, आणि ईस्टर त्यानंतरच्या रविवारी, ५ तारखेला. तिथून मागे मोजले की लेंतचा पहिला दिवस १८ फेब्रुवारी. महाशिवरात्र झाली १५ ला, आणि रमजानचा महिनाही त्याच आठवड्यात लागला. पुण्याच्या पेठांत एकाच आठवड्यात तीन घरच्या चुली तीन तऱ्हेने मंदावल्या होत्या. दर वेळी अगदी असेच जुळेल असे नाही, चर्चचे पौर्णिमेचे गणित आपल्या पंचांगापेक्षा क्वचित एखाद्या दिवसाने पुढेमागे होते. पण आपला हरभरा निघतो, गहू-ज्वारीची सुगी चालू होते, दिवस मोठा होऊ लागतो, तोच हा काळ. 'लेंत' हा शब्द ज्या जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, त्याचाही अर्थ दिवस लांबण्याशीच जोडलेला आहे.

पहिल्या दिवसाला राखेचा बुधवार म्हणतात, कोणी भस्म बुधवारही म्हणतात. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, ज्या झावळ्या हातात धरून लोक मिरवणुकीने गेले, त्या घराघरांत भिंतीवर खोचून ठेवलेल्या असतात. वर्षभरात त्या वाळतात. मग त्या गोळा करून जाळायच्या, आणि त्या राखेचे बोट पाळक किंवा फादर प्रत्येकाच्या कपाळावर क्रूसासारखे ओढतात. माणूस मातीचा आहे आणि मातीतच जायचा आहे, एवढी आठवण ते त्या वेळी करून देतात. रांगेत कारखान्याचे साहेब होते, धुणीभांडी करणाऱ्या बाया होत्या, कॉलेजची पोरे होती. राख सगळ्यांना एकाच वाटीतली. मी मागे उभा होतो. कपाळाला राख लावणे हे आपल्याला नवे नाही. पण तान्ह्या पोराच्या कपाळावर ती काळी रेघ ओढलेली पाहिली, तेव्हा माझ्या पोटात कसेसेच झाले, हे खरे सांगतो.

पुण्यात हे सारे फार जुने आहे. क्वार्टर गेटजवळचे 'सिटी चर्च' हे १७९२ सालचे. पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई आणि अंमलदार होते. त्यांना प्रार्थनेला जागा हवी म्हणून सवाई माधवरावांनी जमीन दिली आणि तिथे हे देऊळ उभे राहिले. म्हणजे शनिवारवाड्यात पेशवे नांदत होते तेव्हाही नाना पेठेत हे चाळीस दिवस पाळले जात होते. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गुरुवार पेठेत पंचहौदाचे 'पवित्र नाम' देऊळ आहे. त्याचा उंच घंटामनोरा तुम्ही पुण्यास आलात तर लांबूनच दिसेल. १८८० नंतरच्या दशकातले ते बांधकाम. तिथे राहून गेलेले एक मोठे गृहस्थ म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण, शास्त्रात पारंगत. १८४८ मध्ये ख्रिस्ती झाले आणि फादर नेहेम्या गोरे म्हणून १८९५ पर्यंत जगले. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर त्यांचा मोठा परिणाम झाला. अंगावर साधे वस्त्र, जेवणखाण बेताचे. अशा माणसाला उपवास शिकवायला विलायतेहून कोणी यावे लागले नसेल.

आणि पंचहौद म्हटले की चहा आलाच. १८९० च्या ऑक्टोबरात त्या मिशनमध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातली बडी मंडळी जमली होती. त्यात न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यान झाल्यावर चहा आला. कोणी प्यायले, कोणी नुसता कप हातात घेतला. पुढे ती नावे छापून आली आणि पुण्यात केवढे ग्रामण्य माजले! मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला, आता प्रायश्चित्त घ्या, अशी हाकाटी झाली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, आणि रानड्यांनीही पुढे घेतले, ते त्यांच्या पुष्कळ स्नेह्यांना रुचले नाही. ही हकीगत मी मावशींना सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तेव्हा आमच्याकडचा चहा प्यायला म्हणून प्रायश्चित्त, आणि आता मी प्रायश्चित्त म्हणून चहा सोडलाय. चहाच्या मागचं शुक्लकाष्ठ काही सुटत नाही बघा."

आता उपवासाचे. आमच्या घरातल्या बाईमाणसांनी मला मुद्दाम विचारायला लावले होते, की यांना साबुदाणा चालतो का? चालतो, पण त्याचे काही माहात्म्य नाही. त्यांच्यात फराळाचे वेगळे पदार्थ नाहीत. कॅथलिक लोकांचा नियम असा की राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, या दोन दिवशी एकच वेळ पोटभर जेवायचे आणि बाकी दोन वेळा अगदी थोडे खायचे. हा नियम अठरा ते एकोणसाठ वर्षांच्या माणसांना आहे. लहान मुले, म्हातारी, आजारी माणसे, पोटुशी बाई यांना सूट. शुक्रवारी मांस वर्ज्य. प्रॉटेस्टंट लोकांत असा बांधील नियम नाही, ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवायचे. मावशी सांगतात, त्यांच्या लहानपणी गावाकडे लेंतचे एवढे नव्हतेच. नगरकडचे काम १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनने केले. ते मिशनरी ज्या परंपरेतून आले तिच्यात या काळाला पूर्वी फारसा मान नव्हता. पुण्यात पंचहौदासारख्या जागी तो पहिल्यापासून होता. १९७० च्या नोव्हेंबरात नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी झाली, तेव्हा एकाचे वळण दुसऱ्याला लागत गेले. मावशी पुण्यात येऊन लेंत शिकल्या, आणि मग गावाकडच्यांपेक्षा कडक झाल्या. नवा मुसलमान सात वेळा नमाज पढतो म्हणतात, तसे थोडेसे.

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी, तसे यांच्यात नसेल काय? आहे की! मटण बंद म्हणून पापलेटाचा बेत करणारे लोक आहेत. शनिवारी रात्री बाराचा ठोका पडण्याची वाट पाहणारे आहेत, कारण रविवार धरत नाहीत. मावशींच्या मुलाने सिगारेट सोडली होती, ती दहाव्या दिवशी जिन्याखाली पुन्हा दिसली. मी काही बोललो नाही. त्यानेच मान खाली घातली.

पण एक गोष्ट मला आपल्या एकादशीहून वेगळी वाटली. जे सोडले त्याचे पैसे घरात राहत नाहीत. लेंतच्या सुरुवातीला चर्चमधून घरोघर पुठ्ठ्याची एक छोटी पेटी देतात. मावशींनी दूध, साखर, पावडर यांचा हिशेब करून रोज वीस रुपये त्यात टाकले. चाळीस दिवसांचे आठशे झाले. नातीने चॉकलेट सोडले, तिची नाणी वेगळी खुळखुळत असत. ईस्टरला या पेट्या वेदीपाशी नेऊन ठेवायच्या. कोणाच्या पेटीत किती, ते कोणी विचारायचे नाही. त्यातून कोणाचे औषधपाणी, कोणाच्या मुलाची फी, असे निघते. कॅथलिकांचेही असेच आहे. १९६२ मध्ये सुरू झालेली त्यांची 'कॅरिटास इंडिया' ही संस्था दर वर्षी याच दिवसांत भूक आणि रोग यांच्याविरुद्ध देशभर मोहीम काढते, आणि चर्चाचर्चांतून लोक पैसे देतात. म्हणजे पोटाला चिमटा घ्यायचा तो दुसऱ्याच्या पोटासाठी. हे दान आणि तो उपवास, दोन्ही गाजावाजा न करता करायचे. उपवास केला तर तोंड सुकवून हिंडू नका, तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, अशी ख्रिस्ताचीच शिकवण आहे. मावशींच्या केसांना त्या दिवसांत तेलाचा वास नेहमीपेक्षा जास्त येत असे!

बाकी बाहेरून ओळखायच्या खुणा थोड्या आहेत. वेदीवर जांभळे कापड येते. कॅथलिक चर्चमधून फुले जातात आणि हालेलुयाचे गाणे बंद होते. लग्ने सहसा ठेवत नाहीत. मंडळीतल्या एका मुलीचे लग्न जमले होते आणि मुलाकडच्यांना घाई होती, तरी ते ईस्टरनंतरच धरले.

खरी गंमत घरसभांची. या दिवसांत संध्याकाळी पाळीपाळीने एकेका घरी मंडळी जमते. आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे. दोन खोल्यांच्या घरात तीस माणसे कशी मावतात ते देव जाणे, पण मावतात. पलंग उभा करतात, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत जातो. पेटी येते, तबला येतो, झांज तर घरातच असते. आणि मग जे भजन लागते ते डोळे मिटून ऐकावे, तर तुम्हाला आपल्या देवळातल्या सप्त्याची आठवण व्हावी. रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदे त्यात पुष्कळ असतात. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, पण अभंग-ओवी त्यांनी सोडली नाही. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या. त्यांचे नाव तुमच्यातल्या शिकलेल्या मुलींना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असेल. ख्रिस्ती कीर्तनाची चालसुद्धा एकोणिसाव्या शतकात नगरकडेच रुजली. तेव्हा पुण्याच्या या घरसभांत बसलात तर शहरात आहोत असे वाटत नाही. निम्मी माणसे श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, जालना या बाजूची. भजन संपले की, "काय, पाऊस होता का तिकडं? कांद्याला काय भाव फुटला?" हेच.

मावशींच्या घरची पाळी तिसऱ्या आठवड्यात आली. मलाही बोलावणे होते. शास्त्र वाचून झाले, पाळकसाहेब समेटावर बोलले. देवापुढे दान ठेवायला निघालात आणि भावाशी वाकडे आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेवून आधी भावाकडे जा, असा उपदेश आहे, त्यावर. मग त्यांनी विचारले, कोणी काय सोडले आहे? कोणी टीव्ही म्हणाले, कोणी तंबाखू. एका पोराने मोबाईलवरचा खेळ सांगितला, त्यावर त्याची आई खोकली. मावशी म्हणाल्या, "मी चहा."

तेवढ्यात मागून त्यांची नात, नववीतली पोर, सहज म्हणाली, "आजी, चहा सोडलास ते ठीक आहे. अबोला कधी सोडणार?"

घर एकदम गप्प झाले. गोष्ट साऱ्यांना माहीत होती. गावाकडच्या त्या सामाईक विहिरीवरून मावशींचे आणि त्यांच्या दिराचे बारा वर्षे बोलणे नव्हते. पाण्याच्या पाळीवरून सुरुवात झाली, मग मोटारीच्या वीजबिलावरून वाढले, आणि मावशींचे मालक वारले तेव्हा दीर मयताला उशिरा पोचले, तिथे कायमचे तुटले. अशा गोष्टी तुम्हाला मी काय सांगाव्या! पाळकसाहेबांनी पेटीवाल्याला खूण केली आणि पद सुरू झाले. मावशी गात नव्हत्या.

सगळे गेल्यावर नातीला बोलणी बसली. दुसऱ्या दिवशी मी गेलो तर मावशी माझ्यावरच उखडल्या. "चार माणसांत आपल्या घरचं काढायचं म्हणजे काय? ही माझी आणि देवाची गोष्ट आहे."

मला वाटते, गोम इथेच आहे. एकट्याने उपवास केला असता, तर मावशींचा चहा सुटला असता आणि अबोला तसाच राहिला असता. चाळीस दिवस रोज संध्याकाळी तीच तीस माणसे तोंडापुढे बसतात, त्यांना सगळे ठाऊक असते, आणि कोणी बोलले नाही तरी त्यांच्यापुढे पेटी ठेवताना हात अडखळतो. मंडळी म्हणतात ती हीच. त्याचा जाचही होतो. एक तरुण मुलगा मला म्हणाला, "काका, इथं श्वास घ्यायलासुद्धा पंचांची परवानगी लागते," आणि त्याचे अगदीच खोटे नव्हते. गावात राहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यायला नको.

ही संगत नसली तर काय होते, तेही या लोकांनी एकदा पाहिले आहे. २०२० साली लेंत चालू असतानाच करोनामुळे टाळेबंदी आली. २५ मार्चला देश बंद झाला, आणि ईस्टर होता १२ एप्रिलला. चर्चला कुलूप, घरसभा बंद. मावशींनी टेबलावर पांढरी चादर घातली, मोबाईल डब्याला टेकवून ठेवला आणि त्यातून उपासना पाहिली. "त्या वर्षी उपवास सगळ्यांत सोपा गेला," असे त्या सांगतात, "कोणी बघायलाच नव्हतं. आणि सगळ्यांत रिकामा गेला." पेटीही त्या वर्षी आली नव्हती. त्यांनी पैसे डब्यात साठवले आणि गल्लीत अडकून पडलेल्या मजुरांच्या जेवणासाठी दिले.

असो. विहिरीकडे येतो. घरसभेनंतर आठवड्याने मावशींनी दिरांना फोन लावला. त्यांनी कापला. दोन दिवसांनी पुन्हा लावला, तो जाऊबाईंनी उचलला. दोघी हवापाण्याचे बोलल्या, गुडघ्यांचे बोलल्या, विहिरीचे नाव काढले नाही. फोन ठेवताना जाऊबाई म्हणाल्या, "ह्यांना मोतीबिंदू झालाय. पुण्याला दाखवायचं म्हणत्यात." मावशी म्हणाल्या, "मग घर आहे की इथं." एवढेच. पण त्या दिवशी मावशींनी उंबरठा दोनदा धुतला.

पवित्र आठवडा लागला. झावळ्यांच्या रविवारी पेठेतून मिरवणूक निघाली. गुरुवारी रात्री पाय धुण्याचा विधी असतो. ख्रिस्ताने शेवटच्या जेवणाच्या वेळी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, म्हणून फादर मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. पूर्वी कॅथलिक नियमाने हे बारा पुरुषच असत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी नियम बदलला, तेव्हापासून बायकांचेही पाय धुता येतात. एका ओळखीच्या बाईंचे पाय असे धुतले गेले. त्या भाजी विकतात. "आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या पायाला हात लावला, तर मला लाजच वाटली," असे म्हणाल्या. त्या रात्रीनंतर कॅथलिक चर्चची घंटा ईस्टरच्या आदल्या रात्रीपर्यंत वाजत नाही. तिच्या जागी लाकडी खुळखुळा वाजवतात. कॅथलिक चर्चमधून लेंतच्या शुक्रवारी क्रूसाची वाट चालतात. भिंतीवर चौदा चित्रे असतात, एकेकापुढे थांबायचे, गुडघे टेकायचे, पुढे जायचे. म्हाताऱ्या बायांना उठायला दोघीजणी हात देतात. तेवढे झाले तरी त्या वाटेचे निम्मे काम झाले, असे मला पाहताना वाटले.

शुभ शुक्रवारी मी मावशींबरोबर गेलो. दुपारी बारा ते तीन उपासना. एप्रिलचे ऊन, पंखे गरम वारा फेकत होते. बायका पांढऱ्या साड्या नेसून आलेल्या. ख्रिस्ताने क्रूसावरून जे सात उद्गार काढले, त्या एकेकावर एकेकजण बोलतो. सगळे काही पाळक नसतात. एक शाळामास्तर बोलले, पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बोलले, मधेच एक कॉलेजची मुलगी फार नेमके बोलली. एकदोघे जरा जास्तच लांबले, ते कुठे नसतात! पाचवा उद्गार तहान लागल्याचा आहे. त्यावर बोलायला एक नर्स उभ्या होत्या. मरणाऱ्या माणसाच्या ओठांना कापसाने पाणी कसे लावतात, ते त्यांनी सांगितले. दुसरे काही सांगितले नाही.

त्याच वेळी मागे दार वाजले. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेला एक म्हातारा माणूस, हाताला धरलेला एक पोरगा, आणि काखेला पिशवी. शेवटच्या बाकावर बसले. मावशींनी मागे वळून पाहिले नाही. पण त्यांच्या हातातले पुस्तक मिटले, ते शेवटपर्यंत उघडले नाही.

बाहेर पडल्यावर दीर म्हणाले, "वहिनी, सकाळीच पट्टी बांधली. एवढ्या लांब आलोच होतो." मावशी म्हणाल्या, "जेवलात का?" उपवास असतो हे दोघांनाही माहीत होते. पिशवीत दोन किलो हरभरा होता, या सुगीचा.

ईस्टरच्या पहाटे मंडळी अंधारातच कबरस्थानात जाते. आदल्या दिवशी घरची माणसे जाऊन कबरी झाडून, धुऊन ठेवतात. मेणबत्त्या लावतात, फुले वाहतात, आणि उजाडता उजाडता उठलेल्या ख्रिस्ताची गाणी म्हणतात. मावशींच्या मालकांच्या कबरीपाशी या वर्षी चौथे माणूस उभे होते. मी अंतर राखून थांबलो होतो, काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. उपासनेनंतर पेट्या वेदीपाशी गेल्या. घरी आल्यावर भिंतीवर टकटक झाली. चहा तयार होता. मावशींची सवय मोडली होती म्हणून की काय, साखर दुप्पट पडली होती. दीर बशीत ओतून प्यायले आणि काही म्हणाले नाहीत.

वैशाखात विहिरीचा गाळ काढायचे ठरले आहे. मोटारीचे जुने बिल दोघांनी सोडून दिले, पाण्याची पाळी आठ-आठ दिवसांची ठरली. यंत्राचे भाडे निम्मे-निम्मे. डिझेल कोणी भरायचे, यावर मात्र अजून फोनवर घासाघीस चालू आहे. काल भिंतीपलीकडून मावशींचा चढलेला आवाज ऐकू येत होता.